एव्हरेस्टवर पुरलेली पेन्सिल

रविवारी पहाटे बोरिवली स्थानकाच्या पूर्वेला उभे राहिले, तर पाठीवर सॅक आणि खांद्यावर दोराची वेटोळी घेतलेले तरुण-तरुणींचे घोळके हमखास दिसतात. कुणी कान्हेरीच्या कातळांवर सराव करायला निघालेला असतो, कुणाला मुंब्र्याचा डोंगर गाठायचा असतो. अंधेरी, घाटकोपर, मुलुंडमधल्या दोन खोल्यांच्या घरांतून ही मुले निघतात तेव्हा मागे दारात आई उभी असते. तिच्या चेहऱ्यावरचा प्रश्न प्रत्येक गिर्यारोहकाच्या घरी ओळखीचा असतो. पावसाळ्यात मुलुंडच्या महाराष्ट्र सेवा संघात भरणाऱ्या गिरिमित्र संमेलनात शिखरांच्या चित्रफिती, नकाशे, नव्या वाटा यांविषयी भरभरून बोलले जाते. घरी थांबलेल्यांविषयी मात्र क्वचितच कुणी बोलते.

२९ मे जवळ आला की ते एक छायाचित्र वृत्तपत्रांतून हटकून छापले जाते. काळ्यानिळ्या आकाशाखाली, प्राणवायूचा मुखवटा चढवलेला एक माणूस आइस-अ‍ॅक्स उंचावून उभा आहे आणि तिला बांधलेले चार ध्वज वाऱ्यावर फडफडत आहेत. विसाव्या शतकातील सर्वाधिक ओळखल्या जाणाऱ्या छायाचित्रांपैकी हे एक. त्यातला माणूस त्या दिवशी तरुण नव्हता, तो सुमारे ३९ वर्षांचा होता. दार्जिलिंगच्या तुंग सुंग बस्तीत त्याचे बिऱ्हाड होते, दोन वाढत्या वयाच्या मुली होत्या आणि निघताना भांडलेली बायको होती. तेनसिंग नोर्गे यांच्या पराक्रमाविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. या छायाचित्रामागच्या संसाराची कहाणी मात्र तितकीशी सांगितली गेलेली नाही आणि ती त्या शिखराइतकीच चढणीची आहे.

तेनसिंग यांचा जन्म १९१४ सालचा. तिथी कुणीच टिपून ठेवली नव्हती. पिके आणि ऋतू यांच्या हिशेबाने मे महिन्याचा उत्तरार्ध असावा असे मानले गेले आणि पुढे त्यांनी २९ मे हाच आपला वाढदिवस ठरवून टाकला. याक राखणाऱ्या घांग ला मिंगमा आणि किंझोम या दांपत्याच्या तेरा अपत्यांपैकी हे अकरावे. त्यातली बहुतेक लहानपणीच गेली. मुलाचे मूळ नाव नामग्याल वांगदी. रोंगबुक मठाच्या लामांनी ते बदलून तेनसिंग नोर्गे केले. बालपण एव्हरेस्टच्या सावलीत, खुंबू खोऱ्यातल्या थामे गावात गेले. मुलाने लामा व्हावे या इच्छेने त्याला मठात धाडण्यात आले, पण तिथे त्याचे मन रमले नाही आणि तो पळून आला. पुढेही तो दोनदा पळाला. एकदा काठमांडूला आणि नंतर १९३२च्या अखेरीस दार्जिलिंगला, तेव्हा तो अठरा वर्षांचा होता.

दार्जिलिंगला पळण्याचे कारण साधे होते. ब्रिटिशांच्या एव्हरेस्ट मोहिमा तिथून निघत आणि त्यांना ओझी वाहणारी माणसे हवी असत. शेर्पांच्या पोरांना त्यात रोजगार दिसे. पण हा रोजगार कसल्या जातीचा आहे, हेही त्या वस्तीला ठाऊक होते. १९२२च्या एव्हरेस्ट मोहिमेत हिमप्रपाताखाली सात ओझेवाले गाडले गेले होते. १९३४ साली नंगा पर्वतावर जर्मन मोहिमेच्या वादळी माघारीत सहा शेर्पा मृत्युमुखी पडले आणि १९३७ साली त्याच पर्वतावर एका रात्रीत हिमप्रपाताने सोळा जणांचा घास घेतला, त्यात नऊ शेर्पा होते. मृतांच्या बायका-मुले तुंग सुंग बस्तीतच राहत. तेनसिंग ज्या गल्लीत लहानाचे मोठे गिर्यारोहक झाले, त्या गल्लीतल्या घराघरांत अशा मोहिमांच्या विधवा होत्या. डोंगराची भीती त्यांना पुस्तकातून शिकावी लागली नाही.

१९३३च्या मोहिमेत त्यांची निवड झाली नाही. १९३५ साली एरिक शिप्टन यांच्या पाहणी मोहिमेची भरती जवळपास आटोपली असताना, अनुभवाचे प्रमाणपत्र हाती नसलेला हा पोरगा अखेरच्या क्षणी रांगेत उभा राहिला. त्याच्या हसऱ्या चेहऱ्याने शिप्टनना भुरळ घातली, असे सांगतात. मजुरी होती दिवसाला बारा आणे आणि बर्फाच्या रेषेवर गेल्यास रुपया. त्याच वर्षी दावा फुती या शेर्पा तरुणीशी त्यांचे लग्न झाले. म्हणजे एव्हरेस्ट आणि संसार, दोन्हींची सुरुवात एकाच वर्षातली. १९३६ आणि १९३८ साली ते पुन्हा एव्हरेस्टवर गेले. १९३८ मध्ये २७,२०० फुटांवरच्या शेवटच्या छावणीपर्यंत ओझे पोहोचवणाऱ्यांत ते होते आणि त्याबद्दल हिमालयन क्लबने त्यांना टायगर हा मानाचा बिल्ला दिला. (१९२८ साली स्थापन झालेल्या या क्लबचे मुख्य कार्यालय आज आपल्या मुंबईत आहे, हे जाता जाता सांगायला हवे.)

बिल्ला मिळाला आणि घरावर दुर्दैव कोसळले. १९३९ साली त्यांचा पहिला मुलगा, नीमा दोर्जे, अवघ्या चार वर्षांचा असताना गेला. त्यापाठोपाठ दुसरे महायुद्ध आले आणि मोहिमा बंद झाल्या. मोहिमा नाहीत म्हणजे मजुरी नाही. तेनसिंग वायव्य सरहद्दीवर चित्रालला एका ब्रिटिश अधिकाऱ्याच्या पदरी नोकरीला राहिले आणि दावा फुतीसह तिथेच बिऱ्हाड केले. पेम पेम आणि नीमा या दोन मुलींचे ते वडील झाले होते. पण १९४४ मध्ये दावा फुती चित्रालमध्येच वारली. तिशीतला विधुर, दोन आईविना मुली आणि परका मुलूख, अशी अवस्था झाली. १९४५च्या सुरुवातीला त्या दोन पोरींना घेऊन, आधी घोड्यावरून डोंगर ओलांडत आणि मग रेल्वेने अख्खा उत्तर हिंदुस्थान पार करत ते दार्जिलिंगला परतले. तेनसिंग यांच्या आयुष्यातल्या कठीण चढायांची यादी करायची झाली, तर माझ्या मते हा प्रवास तिच्यात अगदी वर लागेल. त्याचे छायाचित्र मात्र कुणी काढलेले नाही.

त्याच वर्षी त्यांनी आंग ल्हामू यांच्याशी लग्न केले. या बाईंविषयी थोडे विस्ताराने लिहायला हवे. त्या वयाने तेनसिंगहून मोठ्या होत्या. दार्जिलिंगमधल्या इंग्रज कुटुंबांकडे त्यांनी आया म्हणून काम केले होते आणि अशाच एका कुटुंबाबरोबर १९३८ मध्ये त्या लंडनही पाहून आल्या होत्या. तेनसिंग विलायतेला गेले त्याच्या पंधरा वर्षे आधी. त्यांनी दोन्ही सावत्र मुलींना पोटच्या मुलींसारखे वाढवले. युद्धोत्तर काळात मोहिमा नव्हत्या, तेनसिंगना काम नव्हते आणि घरात आजारपण होते, तेव्हा चूल पेटत होती ती आंग ल्हामूंच्या पगारावर. गिर्यारोहणाच्या इतिहासात आर्थिक पाठबळ देणाऱ्या कंपन्या आणि संस्थांची नावे ठळक अक्षरांत येतात. एव्हरेस्टच्या पहिल्या चढाईला पाठबळ देणाऱ्यांत दार्जिलिंगची ही आयाही होती, हे कुठे छापलेले माझ्या तरी वाचनात नाही.

१९४७ साली अर्ल डेनमन नावाचा एक भणंग साहसी दार्जिलिंगात आला. त्याच्याजवळ ना परवाना होता, ना पुरेसा पैसा, ना धड कपडे. चोरून तिबेटात शिरायचे आणि एव्हरेस्ट चढायचे, असा त्याचा बेत. शहाण्या माणसाने हसून वाटेला लावले असते. तेनसिंग मात्र आंग दावा या आणखी एका शेर्पासह त्याच्याबरोबर गेले. पकडले गेले असते तर तिबेटची वाट पुढे कायमची बंद झाली असती आणि घरी दोन मुली होत्या. हे सारे कळत असूनही ते गेले, कारण त्या डोंगराची हाक त्यांना नाकारता येत नव्हती. थंडीने बेजार होऊन तिघेही नॉर्थ कोलच्या खालूनच परत फिरले. जाताना डेनमनने आपले लोकरीचे शिरस्त्राण तेनसिंगना दिले.

भीतीचे काय, हा प्रश्न या कहाणीत १९५० साली सर्वांत टोकदार होऊन उभा राहतो. थॉर्नले, क्रेस आणि मार्श या तीन ब्रिटिश तरुणांबरोबर तेनसिंग व त्यांचे सोबती काराकोरमकडे निघाले होते. वाटेतच परवानगी मागे घेतली गेली आणि तिघांनी मोर्चा नंगा पर्वताकडे वळवला. हिवाळा उंबरठ्यावर होता आणि पर्वत तोच, ज्याने तुंग सुंग बस्तीतली कित्येक घरे उजाड केली होती. तेनसिंग आणि इतर शेर्पांनी वर जायला स्पष्ट नकार दिला. पैशाचे आमिष, साहेबांची नाराजी, सरदार म्हणून मिळवलेले नाव, सारे पणाला लावून दिलेला हा नकार होता. मार्श पाय गारठल्याने खाली परतले. थॉर्नले आणि क्रेस यांचा तंबू काही दिवस दुर्बिणीतून दिसत होता, एके सकाळी तो दिसेनासा झाला. शोधासाठी तेनसिंग आणि मार्श काही अंतर वर गेले, पण त्या थंडीपुढे इलाज चालला नाही. ते दोघे पुन्हा कुणाला दिसले नाहीत.

एव्हरेस्टवीराच्या गौरवलेखात हा प्रसंग बहुधा गाळला जातो, जणू त्याने वीरत्वाला बट्टा लागतो. वस्तुतः तेनसिंग पुढे १९५३ सालापर्यंत जिवंत राहिले, ते या नकारामुळे. भीती त्यांना वाटत होती आणि तिचे ऐकायचे केव्हा, हे त्यांना कळत होते.

पुढच्याच वर्षी तिचे न ऐकण्याचा प्रसंग आला. १९५१ साली फ्रेंच मोहीम गढवालमध्ये नंदादेवीच्या दोन शिखरांना जोडणारी धार पार करायला आली. रॉजर दुप्ला आणि गिल्बेर विन्ये हे दोघे मुख्य शिखराकडे निघाले आणि ढगांत नाहीसे झाले. दुसऱ्या बाजूने त्यांचा शोध घेण्यासाठी तेनसिंग आणि लुई दुबो नंदादेवी पूर्व शिखर चढून गेले. धारेच्या दोन्ही बाजूंना हजारो फुटांचे कडे. तिथून त्यांना हरवलेल्यांचा मागमूसही दिसला नाही. आपली सर्वांत अवघड चढाई एव्हरेस्टची नव्हे, तर ही होती, असे तेनसिंग पुढे सांगत असत. आपल्या महाराष्ट्रातल्या डोंगरवेड्यांना हे सहज पटेल. सह्याद्रीत कुणी वाट चुकले की आसपासच्या क्लबांतली मुले रात्री-अपरात्री दोर घेऊन धावतात. त्या चढाईला शिखराचा आनंद नसतो.

१९५२ साल हे स्विस मोहिमांचे. नेपाळने आपली दारे उघडली होती आणि एव्हरेस्टकडे दक्षिणेकडून जाता येऊ लागले होते. तेनसिंग या वाटेने बालपणीच्या मुलुखातून जात होते. कित्येक वर्षांनी आईची भेट झाली. याच मोहिमेत त्यांना रेमों लांबेर भेटले. हिमदंशाने पायांची सर्व बोटे गमावलेला हा स्विस वाटाड्या. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, तरी दोघांत जिवाभावाची मैत्री जडली. २७ मेच्या रात्री सुमारे साडेसत्तावीस हजार फुटांवर एका तंबूत ते दोघे राहिले. झोपायच्या पिशव्या नव्हत्या, स्टोव्ह नव्हता. मेणबत्तीच्या ज्योतीवर डब्यात बर्फ वितळवून घोटभर पाणी प्यायले आणि एकमेकांना रात्रभर थोपटत, चोळत जागे राहिले. दुसऱ्या दिवशी ते सुमारे २८,२०० फुटांवर पोहोचले. त्याआधी कोणत्याही गिर्यारोहकाने गाठल्याची निश्चित नोंद असलेल्या उंचीपेक्षा ही अधिक होती. शिखर डोळ्यांसमोर होते. वर गेलो तर परत येणार नाही, हे दोघांनाही न बोलता समजले आणि ते मागे वळले.

शरद ऋतूत स्विस पुन्हा आले. या वेळी ल्होत्सेच्या उतारावर कोसळणाऱ्या बर्फाने मिंगमा दोर्जे या शेर्पाचा बळी घेतला. थंडी आणि वारा असह्य झाल्याने मोहीम गुंडाळावी लागली. एकाच वर्षात दोन मोहिमांचा भार वाहिलेले तेनसिंग तापाने अंथरुणाला खिळले, वजन कमालीचे घटले. अशा अवस्थेत १९५३च्या ब्रिटिश मोहिमेचे नेते जॉन हंट यांचे निमंत्रण आले. सरदार म्हणून आणि त्याचबरोबर मोहिमेचे सदस्य म्हणूनही.

घरात जे व्हायचे ते झाले. आंग ल्हामूंनी विरोध केला. माणूस आजारातून उठलेला, अंगात ताकद नाही, बर्फावर पाय घसरला तर मी आणि मुली कुणाच्या तोंडाकडे बघायचे, असा त्यांचा रोखठोक सवाल होता. तो वावगा होता असे कोण म्हणेल? तेनसिंग यांच्याजवळ उत्तर नव्हते. मरायचेच असेल तर झोपडीत मरण्यापेक्षा एव्हरेस्टवर मेलेले बरे, असा काहीसा त्यांचा निर्वाणीचा सूर होता आणि एखाद्या पत्नीला हे उत्तर म्हणून कितपत पुरेल, याचा अंदाज वाचकांनीच करावा. दार्जिलिंगमधले त्यांचे स्नेही, छापखाना चालवणारे रवींद्रनाथ मित्र यांनी, काही बरेवाईट झालेच तर कुटुंबासाठी निधी उभारण्याचे आश्वासन दिले आणि निघताना त्यांच्या हाती तिरंगा ठेवला. धाकट्या नीमाने आपली वापरून आखूड झालेली लाल-निळी पेन्सिल वडिलांना दिली. शिखरावर ठेवायला. मार्चच्या पहिल्या तारखेला तेनसिंग निघाले.

मोहीम अवाढव्य होती. ओझेवाल्यांची संख्याच साडेतीनशेच्या वर. काठमांडूत ब्रिटिश वकिलातीत साहेबांची व्यवस्था खोल्यांत आणि शेर्पांची एका गॅरेजमध्ये झाली, त्यावरून शेर्पांत असंतोष उसळला. सरदार म्हणून तो शमवणे तेनसिंग यांच्याच माथी आले. सदस्य म्हणून साहेबांबरोबर आणि सरदार म्हणून शेर्पांबरोबर, अशी ही कसरत अखेरपर्यंत चालली. खुंबूच्या आइसफॉलमध्ये एडमंड हिलरी यांच्या पायाखालचे बर्फ ढासळून ते हिमभेगेत कोसळले, तेव्हा दोर आवळून त्यांना सावरले ते तेनसिंगनी. ही जोडी तिथेच जमली, असे म्हणायला हरकत नाही.

२६ मे रोजी बुर्दिलाँ आणि इव्हान्स दक्षिण शिखरापर्यंत जाऊन परतले. २८ मेची रात्र हिलरी आणि तेनसिंग यांनी सुमारे २७,९०० फुटांवर, एका अरुंद तिरप्या कपारीवरच्या तंबूत काढली. सकाळी हिलरींचे बूट गोठून दगड झाले होते, ते स्टोव्हवर धरून नरम करावे लागले. तेनसिंग बूट पायात घालूनच झोपले होते. त्या सकाळी त्यांच्या अंगावर काय काय होते, याची यादी मोठी बोलकी आहे. बूट स्विस मोहिमेचे, वरचे जाकीट ब्रिटिश मोहिमेचे, स्वेटर हिमालयन क्लबच्या दार्जिलिंगमधील चिटणीस हेंडरसनबाईंनी दिलेला, डोक्यावर डेनमनचे ते जुने शिरस्त्राण, गळ्यात लांबेर यांचा लाल मफलर आणि पायात आंग ल्हामूंनी विणलेले मोजे. भांडली, तरी मोजे विणून दिले होते तिने.

साडेअकराच्या सुमारास दोघे माथ्यावर पोहोचले. हिलरींनी हस्तांदोलनासाठी हात पुढे केला, तेनसिंगनी त्यांना कडकडून मिठी मारली. संयुक्त राष्ट्रे, ब्रिटन, नेपाळ आणि भारत यांचे ध्वज फडकवले गेले, छायाचित्र निघाले. मग तेनसिंगनी बर्फात एक लहानसा खळगा केला. थोडी मिठाई देवतेला नैवेद्य म्हणून ठेवली आणि तिच्याशेजारी नीमाची पेन्सिल पुरली. सारे पंधरा मिनिटांत आटोपले. प्राणवायू संपत आला होता आणि अजून उतरायचे होते.

खाली आल्यावर जे घडले त्याची कल्पना कुणालाच नव्हती. काठमांडूच्या रस्त्यांवर, तेनसिंग शिखरावर उभे राहून अर्धमेल्या हिलरींना दोराने वर ओढत आहेत, अशी चित्रे झळकत होती. आधी पाय कुणाचा पडला, या प्रश्नाने दोघांना भंडावून सोडले. अखेर आम्ही जवळपास एकाच वेळी पोहोचलो, असे निवेदन दोघांनी मिळून सही करून दिले. दोन वर्षांनी आत्मकथेत, हिलरी काही पावले पुढे होते, हे तेनसिंगनी स्वतःच सांगून टाकले. स्वतः लिहू-वाचू न शकणाऱ्या या माणसाने ही आत्मकथा जेम्स रॅमसे उलमन यांना तोंडी सांगितली होती. नेपाळी की भारतीय, यावरूनही रण माजले. हिलरी आणि हंट यांना सर हा किताब मिळाला, तेनसिंगना जॉर्ज पदक, आणि हा भेदभाव आजही अनेकांना खुपतो. पंडित नेहरूंनी मात्र त्यांना घरच्या माणसासारखे जवळ केले. लंडनला निघताना अंगावर घालायला धड कपडे नाहीत म्हणून पंतप्रधानांनी स्वतःच्या कपाटातले कपडे काढून दिले. आंग ल्हामू आणि दोन्ही मुलीही लंडनला गेल्या. बाईंना लंडन नवे नव्हतेच!

४ नोव्हेंबर १९५४ रोजी दार्जिलिंगला हिमालयन माउंटेनीअरिंग इन्स्टिट्यूट सुरू झाली. नेहरू आणि बंगालचे मुख्यमंत्री डॉ. बिधानचंद्र रॉय यांच्या पुढाकाराने उभी राहिलेल्या या संस्थेत मेजर नंदू जयाल हे प्राचार्य आणि तेनसिंग प्रशिक्षण संचालक झाले. हयातीत पहिल्यांदाच दरमहा ठरलेला पगार घरी येऊ लागला. घांग ला नावाचे प्रशस्त घर झाले. १९५९ साली पद्मभूषण मिळाले. मुंबईतल्या अनेक गिर्यारोहकांनी बर्फावरचा पहिला धडा याच संस्थेत गिरवला. पुण्याचे सुरेंद्र चव्हाण १८ मे १९९८ रोजी एव्हरेस्टवर पोहोचणारे पहिले महाराष्ट्रीय ठरले, त्या परंपरेचा उगम शोधत गेलो तर वाट अशा संस्थांपर्यंतच जाते. एव्हरेस्टनंतर तेनसिंग स्वतः मात्र कोणत्याही मोठ्या शिखरावर गेले नाहीत.

ते गेले नाहीत, पण मुली गेल्या. १९५९ साली क्लोद कोगाँ या फ्रेंच गिर्यारोहक महिलेने केवळ स्त्रियांची आंतरराष्ट्रीय मोहीम चो ओयूवर नेली. पेम पेम आणि नीमा तिच्यात होत्या, बरोबर चुलत बहीण डोमाही होती. जयाल आदल्याच वर्षी त्याच पर्वतावर दगावले होते. या मोहिमेतही वादळाने आणि हिमप्रपातांनी घात केला. कोगाँ, त्यांची बेल्जियन सहकारी आणि शेर्पा मृत्युमुखी पडले. तेनसिंग यांच्या मुली सुखरूप परतल्या. डोंगरावरून बातमी येईपर्यंतचे दिवस दार्जिलिंगच्या घरात कसे गेले असतील? आजवर ज्या जागी आंग ल्हामू उभ्या होत्या, त्या जागी या वेळी तेनसिंग होते.

संसाराची पुढची प्रकरणे सरळ नव्हती, तीही झाकण्याचे कारण नाही. १९६०च्या दशकाच्या प्रारंभी, आंग ल्हामू हयात असतानाच, त्यांनी डाकू या तरुणीशी विवाह केला. शेर्पा समाजात अशी प्रथा होती, तरी मुलींना वडिलांचे हे पाऊल रुचले नसावे. १९६४ साली आंग ल्हामू गेल्या. डाकू यांच्यापासून नोर्बू, जामलिंग, धामे हे मुलगे आणि डेकी ही मुलगी झाली. पन्नाशीत तेनसिंग पुन्हा तान्ह्या मुलांचे वडील होते. १९७६ साली ते संस्थेतून निवृत्त झाले. निवृत्तीनंतर आपली यथोचित कदर झाली नाही, ही सल त्यांना होती आणि उपजीविकेसाठी पर्यटकांच्या तुकड्या डोंगरात नेण्याचे काम त्यांना वयाच्या साठीनंतरही करावे लागले.

१९८४च्या भारतीय एव्हरेस्ट मोहिमेची तयारी सुरू झाली (बचेंद्री पाल यांनी इतिहास घडवला ती हीच मोहीम), तेव्हा कोवळ्या वयाच्या जामलिंगने तिच्यात जाण्यासाठी वडिलांकडे शब्द टाकण्याचा हट्ट धरला. तेनसिंग यांच्या एका शब्दावर काम झाले असते. त्यांनी तो टाकला नाही. मुलांना ओझी वाहावी लागू नयेत, त्यांनी शिकावे, म्हणूनच तर आपण चढलो, अशी त्यांची धारणा होती. जामलिंग शिक्षणासाठी अमेरिकेला गेला. ९ मे १९८६ रोजी दार्जिलिंगला तेनसिंग यांचे निधन झाले. हिलरी त्या वेळी न्यूझीलंडचे उच्चायुक्त म्हणून दिल्लीत होते, ते अंत्ययात्रेला धावत आले. संस्थेच्याच आवारात अंत्यसंस्कार झाले.

दहा वर्षांनी, १९९६च्या मे महिन्यात जामलिंग एव्हरेस्टवर होता. पत्नीचा विरोध होता. हे एकदाच, पुन्हा नाही, असे वचन देऊन त्याने तिची संमती मिळवली होती. १० आणि ११ मेच्या वादळात त्याच डोंगरावर आठ जणांचा मृत्यू झाला होता आणि ती बातमी घरापर्यंत पोहोचली होती. २३ मे रोजी तो माथ्यावर पोहोचला. आई-वडिलांचे छायाचित्र त्याने बर्फात ठेवले आणि त्याच्याशेजारी आपल्या तान्ह्या मुलीचे एक खेळणे. मग तो उतरला आणि दिलेला शब्द पाळून पुन्हा एव्हरेस्टवर गेला नाही.